लहान कॉलेज आणि मोठं विद्यापीठ



या व्याख्यानमालेत माझ्याआधी संतसाहित्यावर, नाट्यसंगीतावर, सीमाभागातल्या बोलीवर बोलणारी जाणकार मंडळी होऊन गेली. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. तीस-पस्तीस वर्षं शहापुरात दवाखाना चालवतो. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, औषधावर बोलणार नाही. ते ऐकायला लोक दवाखान्यात येतातच. हल्ली दवाखान्यात औषधाइतकाच वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न आहे, त्यावर बोलतो. मुलाला किंवा मुलीला परदेशी पाठवायचं तर लहान कॉलेजात घालायचं की मोठ्या विद्यापीठात?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडं हा प्रश्न 'बेळगाव, धारवाड की पुणे' एवढाच होता. आता तो समुद्रापलीकडं गेलाय. एक घर सांगतो, नाव सांगणार नाही. तिसऱ्या पिढीपासून माझ्याकडं औषध घेणारं, आमच्याच समाजातलं, चिकोडी तालुक्यात थोडी उसाची शेती असलेलं. नात बारावी सायन्स झालेली. गणितात चांगली, आणि आजीबरोबर मराठी-कन्नड दोन्ही वाचणारी. तिला अमेरिकेतून प्रवेशाची दोन पत्रं आली. एक राज्य विद्यापीठाचं, तीस हजारांच्या आसपास विद्यार्थी असलेल्या. दुसरं दीड हजार विद्यार्थ्यांच्या एका कॉलेजचं. कॉलेजनं फीचा मोठा भाग माफ केला होता, विद्यापीठानं थोडाच. म्हणजे विद्यापीठात जायचं तर शेती विकायला लागणार. आजोबांची त्यालाही तयारी होती. मला म्हणाले, "डॉक्टर, एक युनिव्हर्सिटी आहे आणि एक नुसतंच कॉलेज. पोरीला एवढ्या लांब पाठवायचं आणि कॉलेजात घालायचं? लोक काय म्हणतील?"

या वाक्यात सगळा घोटाळा आहे, आणि तो त्यांचा एकट्याचा नाही. आपल्याकडं कॉलेज म्हणजे विद्यापीठाच्या हाताखालचं. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. आपल्या बेळगावच्या कॉलेजांनी अशी तीन विद्यापीठं पाहिली: आधी मुंबईचं, मग धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, आणि २०१० पासून राणी चन्नम्मा. कॉलेज तेच, बाकं तीच, शिकवणारे तेच. वर्षाअखेरचा कागद मात्र दुसऱ्या गावाहून यायचा. त्यामुळं 'कॉलेज' हा शब्द आपल्या कानाला धाकटा लागतो.

अमेरिकेत तसं नाही. तिथलं लहान कॉलेज कुणाच्या हाताखाली नसतं. अभ्यासक्रम त्याचा, परीक्षा त्याची, पदवी त्याची. फरक एवढाच, की तिथं बहुतेक ठिकाणी फक्त पदवीपर्यंतचं शिक्षण असतं, एम.एस., पीएच.डी. नसते. आणि हा फरकच विद्यार्थ्याच्या फायद्याचा ठरू शकतो, कारण प्राध्यापकाचं लक्ष वेधून घ्यायला संशोधक विद्यार्थ्यांची फौज तिथं नसते.

दुसरा घोटाळा 'लिबरल आर्ट्स' या शब्दांचा. आपल्या घरात 'आर्ट्स' म्हटलं की बायकोच्या माहेरचा कुणीतरी नापास झालेला आठवतो. लिबरल आर्ट्स म्हणजे आर्ट्स साईड नव्हे. युरोपात जुन्या काळी ज्या सात विद्यांना हे नाव होतं, त्यांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व यांच्याबरोबर अंकगणित, भूमिती, ज्योतिष आणि संगीत होतं. आजच्या अशा कॉलेजात भौतिकशास्त्र, रसायन, संगणक, अर्थशास्त्र सगळं असतं. नियम एवढाच, की भौतिकशास्त्र घेणाऱ्यानं इतिहासाचा निबंधही लिहायचा. आम्हा जैनांना हे परकं वाटायचं कारण नाही. ऋषभदेवांनी ब्राह्मी या मुलीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले, अशी आमची परंपरा सांगते. अक्षर आणि अंक एकाच घरात, एकाच गुरूकडं, आणि दोन्ही मुलींना. हे आजोबांना सांगितल्यावर ते पहिल्यांदा जरा सैल झाले.

आता त्या दोन संस्थांची नावं घेण्याऐवजी मी तुम्हाला अमेरिकेतल्या एकाच राज्यात घेऊन जातो. आयोवा. मक्याचं राज्य; आपल्याकडं जसा ऊस तसा तिथं मका. तिथं ग्रिनेल नावाच्या गावात ग्रिनेल कॉलेज आहे, १८४६ साली स्थापन झालेलं. विद्यार्थी सतराशेच्या घरात. तिथून पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर आयोवा सिटीत आयोवा विद्यापीठ, १८४७ सालचं. विद्यार्थी तीस हजारांच्या आसपास. वयात एका वर्षाचा फरक, आकारात सतरा-अठरा पट. तुलनेला याहून सोयीची जोडी मला मिळाली नाही.

ग्रिनेलमध्ये रॉबर्ट नॉइस नावाचा मुलगा शिकला. पुढं ज्यानं इंटिग्रेटेड सर्किट घडवणाऱ्या दोघांपैकी एक म्हणून नाव मिळवलं आणि १९६८ साली गॉर्डन मूर यांच्याबरोबर इंटेल कंपनी काढली, तो हा नॉइस. आज तुमच्या खिशात जो फोन आहे त्याच्या पूर्वजांपैकी एक म्हणा. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत लागला. ग्रिनेलचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल यांची त्या शोधातल्या जॉन बार्डीन यांच्याशी ओळख होती. गेल यांनी खटपट करून सुरुवातीच्या ट्रान्झिस्टरांपैकी काही मिळवले आणि मक्याच्या शेतांमधल्या त्या कॉलेजात वर्गातल्या मोजक्या पोरांसमोर ठेवले. मोठमोठ्या विद्यापीठांत तेव्हा हा विषय शिकवणारं फारसं कुणी नव्हतं. नॉइस पुढं एम.आय.टी.त गेला आणि १९५३ साली पीएच.डी. झाला, पण त्या वस्तूशी त्याची ओळख ग्रिनेलमध्येच झाली.

याच्या आधीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९४८ साली वसतिगृहाच्या मेजवानीसाठी या पठ्ठ्यानं शेजारच्या शेतावरून एक डुक्कर चोरलं. मेजवानीत त्याचं काय झालं या तपशिलात मी जाणार नाही, पर्युषण जवळ नसलं तरी. शेत निघालं गावच्या मेयरचं. शेतीप्रधान राज्यात जनावर चोरणं हा गंभीर गुन्हा. मुलगा कॉलेजातून कायमचा जाणार, कदाचित तुरुंगातही, अशी वेळ आली. तेव्हा गेल आणि कॉलेजचे अध्यक्ष मध्ये पडले. शेतकऱ्याला भरपाई दिली गेली, आणि नॉइसला एका सत्रापुरतं काढून टाकण्यावर भागलं. तो परत आला आणि १९४९ साली पदवीधर झाला.

श्रोतेहो, त्या प्राध्यापकाला तो मुलगा कोण आहे हे माहीत होतं. वर्गात काय विचारतो, कुठं चुकतो, कुठं चमकतो, हे ठाऊक होतं. म्हणून त्यानं त्याच्यासाठी आपली पत पणाला लावली. तीनशे जणांच्या व्याख्यानगृहात मागच्या बाकावरच्या मुलासाठी हे कोण करणार? करायची इच्छा असली तरी कशाच्या जोरावर करणार? लहान कॉलेजची किंमत मी यात मोजतो. तिथं पहिल्या वर्षी दहा-बारा मुलांचा एक गट एका प्राध्यापकाकडं सोपवतात. तो त्यांचे निबंध स्वतः वाचतो, कोणते विषय घ्यावेत हे त्यांच्याशी बसून ठरवतो. ग्रिनेलमध्ये सगळ्यांना सक्तीचा असा तेवढा एकच अभ्यास आहे, बाकी मुलानं निवडायचं. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षीच्या वह्या बहुधा संशोधन करणारे विद्यार्थी तपासतात. खात्री हवी असेल तर तुमच्या ओळखीतल्या, एम.एस.ला गेलेल्या इंजिनिअरला विचारा. त्यांतल्या कित्येकांनी फीमाफी मिळवण्यासाठी तेच काम केलेलं असतं.

पण मोठ्याची बाजूही तितकीच खरी आहे, आणि साहित्यसंस्थेत ती सांगितली नाही तर अन्याय होईल. आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखनाची कार्यशाळा सुरू झाली. लेखन हा विद्यापीठात शिकण्याचा विषय होऊ शकतो हे तिनं जगाला पटवलं. १९६७ साली तिथंच आंतरराष्ट्रीय लेखक प्रकल्प निघाला. जगभरातून लेखक त्या लहानशा गावात येऊन राहतात. आपले दिलीप चित्रे १९७५ साली तिथंच गेले होते. दीड हजार मुलांच्या कॉलेजला हा पसारा झेपणार नाही. ग्रंथालय, इस्पितळ, प्रयोगशाळा, अनेक भाषा, कितीतरी खाती. तुमच्या मुलाला अभियांत्रिकी करायची असेल तर बहुतेक लहान कॉलेजांत ती नाहीच. स्मिथ, स्वार्थमोर अशी काही अपवाद. दुसऱ्या वर्षी मन बदललं आणि नर्सिंग, पत्रकारिता किंवा स्थापत्यशास्त्राकडं वळावंसं वाटलं, तर मोठ्या विद्यापीठात खातं बदलता येतं. लहान ठिकाणी कॉलेजच बदलायला लागतं.

याच राज्यातला आणखी एक माणूस. जेम्स व्हॅन ॲलन. माउंट प्लेझंट या गावचा. गावातल्याच आयोवा वेस्लियन या लहान कॉलेजातून १९३५ साली पदवीधर. तिथल्या पोल्टर नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं या पोराला बायर्डच्या अंटार्क्टिक मोहिमेच्या उपकरणांच्या तयारीला हाताशी घेतलं. पुढं तो आयोवा विद्यापीठात गेला, तिथं पीएच.डी. झाला, आणि नंतर तिथंच प्राध्यापक. १९५८ च्या जानेवारीत अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ आकाशात गेला, त्यावरचं गायगर मापक यंत्र व्हॅन ॲलनच्या प्रयोगशाळेचं होतं. पृथ्वीभोवतालच्या किरणोत्सारी पट्ट्यांना आज त्याचंच नाव आहे. हाताला वळण लहान कॉलेजनं लावलं. पण उपग्रहावर यंत्र पाठवायला मोठं विद्यापीठच लागलं.

आणि ते आयोवा वेस्लियन? १८४२ साली निघालेलं ते कॉलेज २०२३ च्या मे महिन्यात बंद पडलं. पैसा संपला. व्हॅन ॲलनच्या नावाचा उपयोग झाला नाही. याच राज्यात ग्रिनेलची गंगाजळी मात्र २ अब्ज डॉलरच्या वर आहे. त्यात नॉइसचा हात आहे. इंटेल निघताना कॉलेजच्या निधीतून आणि विश्वस्तांकडून मिळून ३ लाख डॉलर त्या कंपनीत घातले गेले. डुक्कर चोरणाऱ्या पोराला परत घेतल्याचं व्याज, असं मी गमतीनं म्हणतो. पण मुद्दा गमतीचा नाही. अमेरिकेत लहान कॉलेजं दरवर्षी बंद पडताहेत. 'लहान' म्हणून सगळी सारखी नाहीत. पत्र आलं की पहिल्यांदा त्या कॉलेजची गंगाजळी किती, गेल्या पाच-सात वर्षांत विद्यार्थी वाढले की घटले, कुठली खाती बंद केली, हे बघा. ही माहिती उघड असते. आपण मुलीला स्थळ बघताना घराची चौकशी करतो, तेवढी इथं करायला काय हरकत आहे?

पैशाबद्दल थोडक्यात. चांगल्या खाजगी कॉलेजचा छापील खर्च आज राहण्याजेवणासकट वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर जातो. हा आकडा पाहून लोक पत्रक मिटतात. तो आकडा सगळ्यांनी भरायचा नसतो. माफी वजा जाता घरातून किती जाणार, तो आकडा धरा, आणि तो चार वर्षांचा धरा. मात्र एक लक्षात ठेवा. अमेरिकन मुलाची ऐपत न पाहता प्रवेश देणारी कित्येक कॉलेजं परदेशी मुलाची ऐपत मात्र पाहतात. ॲमहर्स्टसारखी थोडी ठिकाणं याला अपवाद. राज्य विद्यापीठं त्या राज्यातल्या करदात्यांच्या मुलांसाठी असतात. आपल्या मुलाकडून ती जास्त फी घेतात आणि माफी कमी देतात, यात त्यांची चूक नाही. शिक्षणानंतर नोकरीसाठी मिळणारी मुदत, म्हणजे बारा महिने आणि विज्ञान-गणिताच्या विषयांना आणखी चोवीस, ही कॉलेज लहान म्हणून कमी होत नाही. विषय कोणत्या यादीत आहे त्यावर ठरते. हे नियम बदलत असतात, अर्ज करताना ताजे पाहा.

आता आपल्याकडं वळतो, कारण हे सगळं आपल्याला नवं आहे असं मानायची गरज नाही. १८८५ साली पुण्यात फर्ग्युसन कॉलेज निघालं तेव्हा तेही लहानच होतं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवायची शपथ घेत. गोपाळ कृष्ण गोखले त्यांतले. आपल्याच जिल्ह्यातल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये १९३० ते १९६२ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत होते. प्राकृत आणि जैन ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्यांसाठी जगभरचे विद्वान ज्यांच्याकडं पाहत, तो माणूस बत्तीस वर्षं एका जिल्ह्याच्या गावच्या कॉलेजात वर्गावर जात होता. धारवाडला जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत. त्यांच्या कथा वाचलेले या सभागृहात बरेच असतील. त्यांच्या वर्गात बसलेलेही एखाद-दुसरे असतील.

माणसं आपल्याकडं होती. नव्हतं ते त्यांच्या हातात पेपर काढण्याचं स्वातंत्र्य. उपाध्यांनी वर्षभर जे शिकवलं, त्याची परीक्षा विद्यापीठाच्या छापील अभ्यासक्रमातून व्हायची. शिक्षकाला विद्यार्थी माहीत, पण निकाल तिसऱ्याच्या हातात. माझ्या मते आपली लहान कॉलेजं इथं अडकली, आकारामुळं नाही. अलीकडं सोनीपतचं अशोका, पुण्याचं फ्लेम, बंगळूरचं अझीम प्रेमजी अशा संस्था आपल्या अभ्यासक्रमाच्या आपण मालक होऊन निघाल्या आहेत. गंमत म्हणजे यांना कायद्यानं 'विद्यापीठ'च व्हावं लागतं. मुलं त्यामानानं थोडी असली तरी पाटी मोठी. परदेशी जायची ऐपत किंवा इच्छा नसेल तर ही ठिकाणं जरूर बघा. यांचीही फी कमी नाही, पण माफी मिळते.

आता तुम्ही विचाराल, डॉक्टर, शेवटी कुठं घालायचं? आमच्या शास्त्रात दोघांना सारखाच खोकला असला तरी औषध सारखं असेलच असं नाही. माणूस विचारल्याशिवाय औषध ठरत नाही. त्या मुलीला मी तासभर विचारलं. वर्गात हात वर करतेस का? शंका आली तर सरांच्या मागं जातेस की घरी येऊन पुस्तक उघडतेस? एकटी राहायला आवडतं का? तिला बोलायला आवडत होतं, वादही घालायला आवडत होता, आणि गणित की भाषा हे तिचं ठरलेलं नव्हतं. त्याच घरातला तिचा चुलतभाऊ दोन वर्षांनी मोठा. त्याला संगणकाशिवाय दुसरं काही नको, आणि सारखं कुणी विचारपूस केलेली तर अजिबात नको. लहान कॉलेजात सगळ्यांना सगळं कळतं. गाव लहान, चेहरे तेच, भांडण झालं तरी रोज तेच समोर. त्या मुलाला तिथं घुसमटल्यासारखं झालं असतं. त्याला मोठं विद्यापीठच बरं, असं मी आधीच सांगितलं होतं, आणि तो तिथं मजेत आहे. मोठ्या ठिकाणी धडपडणारा मुलगा स्वतःसाठी लहान कॉलेज उभं करू शकतो. निवडक मुलांचे ऑनर्स वर्ग असतात, एखाद्या प्राध्यापकाची प्रयोगशाळा धरता येते. पण ते आपण होऊन करायला लागतं. लाजऱ्या मुलाला ते जमत नाही, आणि गंमत अशी की मोठ्याच्या नावाला भुलणाऱ्या घरांतली मुलं पुष्कळदा लाजरीच असतात.

एक गोष्ट मी तिला करायला सांगितली, तुम्हीही करा. दोन्ही ठिकाणच्या गणिताच्या एकेका प्राध्यापकाला तिनं स्वतः पत्र लिहिलं. आईनं नाही, एजंटानं नाही. 'तुमच्या पहिल्या वर्षीच्या अभ्यासात असं-असं आहे, त्यात माझी ही शंका आहे.' एका ठिकाणाहून विभागाच्या कार्यालयाचं सभ्य उत्तर आलं, सोबत संकेतस्थळाचा पत्ता. दुसरीकडून प्राध्यापकबाईंनी दीड पानी उत्तर लिहिलं, तिची शंका कुठं अर्धवट होती तेही दाखवलं, आणि शेवटी विचारलं, तू मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतेस असं लिहिलंस, दोन्हींत आकडे मोजायची रीत सारखीच आहे का? मुलीनं ते पत्र आजोबांना मराठी करून वाचून दाखवलं. आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शेती राहू दे."

आजीचा प्रश्न मात्र उरला होता, आणि तो कुठल्या पत्रकात नव्हता. लहान कॉलेजात चारही वर्षं आवारातच राहायचं, कॉलेजच्या भोजनगृहातच जेवायचं. मोठ्या विद्यापीठात एक-दोन वर्षांनी खोली घेऊन स्वयंपाक करता येतो. कांदा नाही, बटाटा नाही, आणि डिसेंबरात तिथं सूर्य पावणेपाचलाच मावळतो, मग पोरगी जेवणार कधी? मी म्हटलं, अक्का, हेही पत्रातून विचारूया. विचारलं. एक लहान स्वयंपाकघर वसतिगृहात असतं, असं उत्तर आलं. आजीनं त्याच संध्याकाळी पोरीला गॅससमोर उभं केलं. पहिल्या आठवड्यात मुगाची डाळ, दुसऱ्यात चपाती. ऑगस्टपर्यंत वेळ होता, चपाती गोल यायला तेवढा पुरला.